येडाईला घातलेली अट

“धरा तिला, धरा! माझी पिशवी घेऊन चालली बघा! देवीच्या दारात चोरी करतीस व्हय गं? हात झडतील तुझे!”

हे माझ्याबद्दल चाललं होतं. येरमाळ्याची चैत्री यात्रा, चुन्याचं रान, वर ऊन असं की डोक्यावर तवा ठेवला तर भाकरी भाजून निघावी, आणि त्या लाखो माणसांच्या मधोमध मी उभी. माझ्या पदराच्या टोकाला एका परक्या बाईची कापडी पिशवी लोंबत होती. बाई बार्शीकडची. अंगानं अशी ऐसपैस की तिच्या सावलीत दोन बैल आणि एक गडी आरामात झोपले असते. आवाज तर डोंगरावरच्या देवळातल्या घंटेला घाम फोडणारा. मी जागेवरून उठले, दोन पावलं टाकली, आणि ती पिशवी करवलीसारखी माझ्यामागं निघाली. तिच्यातला नारळ गडगडत गेला तो एका बाबांच्या धोतरात जाऊन थांबला.

“बाई, मी चोर न्हाय वो,” मी म्हणाले. “ही पिन मीच लावली, पण तुमच्या पिशवीला न्हाय.”

“मग कुणाला लावली?”

“माझ्या लेकीला.”

बाईनं माझ्याकडं असं बघितलं की त्यापेक्षा चोर म्हणलेलं परवडलं. मग आम्ही दोघींनी एकदमच माझ्या शेजारच्या सतरंजीकडं पाहिलं. तिथं मोबाइल पडला होता, अर्धी खाल्लेली चकली पडली होती, आणि आरू नव्हती. आपल्या फ्रॉकची पिन काढून तिनं ती शेजारणीच्या पिशवीला लावली होती. नीट, कुठंही न टोचता. आणि शाळेतून तक्रार येते की हिला बटण लावता येत नाही.

आता लेकीला पिन का लावली ते आधी सांगते, नाहीतर तुम्हीही बार्शीच्या बाईसारखंच माझ्याकडं बघाल.

आरू म्हणजे आरोही, माझी एकुलती एक, चौथीत आहे. आम्ही येडशीचे. येडशीच्या स्टेशनात गाडी दोन मिनिटं तरी थांबते, आमची आरू तेवढीही थांबत नाही. एकदा तिला म्हणाले, बाहेरच्या टाकीतून तांब्याभर पाणी आण. ती गेली. जाता जाता तिनं शेळी सोडली, शेजारच्या काकूंच्या वाळवणातल्या कुरडया उलट्या केल्या, “दुसऱ्या बाजूनं पण वाळाव्यात” म्हणून, मग एका फुलपाखराच्या मागं रामलिंगाच्या देवळाच्या वाटेनं निम्म्यापर्यंत गेली, आणि दिवेलागणीला परत आली तेव्हा तिच्या हातात तांब्या होता. रिकामा होता, पण होता. हे मी तिच्या बाजूनं सांगते, कारण तिच्या बाजूनं सांगणारं दुसरं कुणी नसतं.

सकाळ ही तर आमच्याकडं रोजची लढाई. एक बूट दारात, दुसरा शोधायला मी जेवढी चालले तेवढ्यात माझी पायी तिरुपतीची वारी झाली असती. वेणी घालायला बसवावं तर एका बाजूची घालेस्तोवर दुसरी बाजू गल्लीत. शाळेतून बाईंचा फोन आला की मी आधी देव्हाऱ्याकडं बघते, फोन मग उचलते. आज बाकावर चढली, आज दुसऱ्याच्या डब्यात पाणी ओतलं, आज तास चालू असताना उठून खिडकीतून सरड्याशी बोलत होती. बारशाला, साखरपुड्याला नातेवाईक बोलावतात, पण “पोरीला आजीपाशी ठेवून या” असं शेवटी हळूच जोडतात. आणि सगळ्यांचा निकाल एकच: आईचं वळण न्हाय. वळण म्हणजे काय, ते मी शिवणकाम करणारी बाई, मला कुणी शिकवू नये. कापड जसं असेल तसं वळण बसतं.

मी घरी ब्लाउज शिवते. कुणाला सांगितलं नव्हतं, पण कधी कधी मशीनला दोरा न घालताच मी पाय मारत बसायचे. मशीनचा आवाज चालू असला की आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, वाटायचं काम चाललंय, आणि मला कुणी हाक मारायचं नाही. कापड नाही, दोरा नाही, नुसती सुई खाली-वर. तेवढीच माझी विश्रांती. असं मी किती कोस शिवलं असेल, त्यात अख्ख्या धाराशिव जिल्ह्याला एक झबलं झालं असतं.

सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासून सांगितलं की हा एडीएचडी. खोडी नाही, लाड नाही, आईचा दोष नाही. मेंदूची ठेवणच अशी असते. औषध लागेल तर देऊ, म्हणाल्या, पण घरात आधी एक करा: एका वेळी एकच गोष्ट सांगा, ती झाली की शाबासकी द्या, मग दुसरी. मी मान डोलावली. घरी आले आणि चप्पल काढता काढता म्हणाले, “आरू, हातपाय धू, दप्तर जागेवर ठेव, आजीला औषध दे, ते दार लाव आणि हे काय सांडलंस?” एका दमात. आत्या म्हणाल्या, “आमच्या येळंला ह्याला उनाडपणा म्हणायचे. आता सायबीण झाली, चार इंग्रजी अक्षरं लावून आली.” ह्यांनी, आरूच्या पप्पांनी, काही म्हटलं नाही. ह्यांचं मोटार रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचं, दुकान आहे. दिवसभर तारा गुंडाळून माणूस गप्पच होतं. पण आठ दिवसांनी त्यांनी एका निवासी शाळेचं नाव काढलं. लातूरकडची शाळा. शिस्त अशी, म्हणे, की तिथं झाडाची पानंसुद्धा विचारून हलतात.

“सोमवारी नेऊन सोडू,” हे म्हणाले. “तुझे हाल मला बघवत न्हायत.”

आणि खरं सांगते, मी लगेच “नको” म्हणाले नाही. तिथंच माझी झोप उडाली. आपण “नको” का म्हणालो नाही, ह्याच विचारात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी यात्रेला जायचं ठरलं, तेव्हा मला ती बुद्धी सुचली. मी ह्यांना म्हणाले, “आपण नको ठरवायला, आपल्या येडाईला, आई येडेश्वरीला ठरवू द्या. चुन्याच्या रानात पालखी येईस्तोवर आरू एका जागी बसली, तर पाठवायची न्हाय. उठली, तर मी स्वतः तिची पेटी भरते.”

हे हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. “चालंल.”

आत्या म्हणाल्या, “पालखी येईस्तोवर? अगं, ती आरतीच्या टाळ्या संपेस्तोवर बसत न्हाय. तू पेटीच भर.”

म्हणजे बघा माझी अक्कल. मासळीला म्हणावं, तू झाडावर चढून दाखव, मग तुला पाण्यात ठेवते. देवीला कौल लावायचा तर हात जोडून लावावा. मी अट घातली, आणि अटही अशी की जी माझ्या लेकीच्या हातातच नव्हती. त्यावर कहर म्हणजे मी देवीच्या परीक्षेत कॉपीची तयारी केली. मोबाइल पूर्ण चार्ज केला, गेम भरून घेतले. चकल्या, चिंचगोळ्या, रंगीत खडू, सगळा बाजार पिशवीत घातला. आणि रानात सतरंजी पसरल्यावर माझा पदर तिच्या फ्रॉकला पिनेनं अडकवला. हे आणि आत्या रांगेत जागा धरायला पुढं गेले होते. मी मनात म्हणाले, आई, तू बघून न बघितल्यासारखं कर.

ज्यांनी ही यात्रा पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. चैत्री पुनवेच्या यात्रेत देवीची पालखी डोंगरावरून खाली चुन्याच्या रानात येते. काळं रान, आणि त्यात पांढरे चुनखडीचे खडे. आलेला प्रत्येक जण वाकून खडे वेचतो, पाच तरी, आणि देवीच्या नावानं राशीला घालतो. त्या चुन्यानं पुढं देवळाला सफेदी होते, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. गरीब असो, बागायतदार असो, त्या रानात सगळ्यांची पाठ सारखीच वाकलेली दिसते. वरून बघणाऱ्या आईला सगळे एकाच उंचीचे दिसत असणार.

तर आता पिशवी, नारळ आणि मी. बार्शीच्या बाईनं पिन काढली, नारळ परत आणला, आणि लेक हरवलीय कळल्यावर तोच घंटेचा आवाज माझ्यासाठी लावला. “फ्रॉकवाली पोरगी बघितली का रं कुणी! पिवळा फ्रॉक!” त्या आवाजानं निम्मं रान वळून बघायला लागलं. पिवळ्या फ्रॉकच्या चार पोरी लोकांनी धरून आणल्या. एकही माझी नव्हती, आणि चौघींच्या आया माझ्यावर तुटून पडल्या. मोबाइलला रेंज नव्हती. लाऊडस्पीकरच्या मंडपात गेले. तिथला माणूस म्हणाला, “मावशी, ओळख सांगा.” मी म्हणाले, “पळत असंल.” तो म्हणाला, “थांबलेली असताना कशी दिसती?” मला सांगता येईना. नऊ वर्षं झाली, मी तिला झोपेतच काय ती थांबलेली पाहिली होती.

आणि त्या गर्दीत, खांद्याला खांदा घासत, “आरू, आरू” ओरडत चालताना एका क्षणाला माझे खांदे हलके झाले. खरंच हलके. कुणाला बघायचं नाही, कुणाला आवरायचं नाही, कुणाची माफी मागायची नाही. तो क्षण मी देवीपासून लपवला नाही, तुमच्यापासूनही लपवत नाही. पुढच्याच क्षणाला मी ढेकळातच बसले. चपला कधीच गेल्या होत्या. भोवती माणसांचे नुसते पाय दिसत होते. तिथं बसून मी हात जोडले. म्हणाले, आई, चुकले. अट मागं घेते. तू जिंकलीस, हे जिंकले, आत्या जिंकल्या. बसव म्हणत न्हाय, गप्प कर म्हणत न्हाय. आहे तशी दे. मग पुढचं माझं मी बघते.

कुणी उजेड दिसला म्हणतं, कुणाला घंटा ऐकू येते. मला काही दिसलं नाही. एका माणसाचा पाय माझ्या बोटावर पडला आणि मी ओरडून उठले, एवढंच. पण उठले ती बांधाकडं तोंड करून उठले. आणि बांधावर, लिंबाच्या विरळ सावलीत, पिवळा फ्रॉक पळताना दिसला.

बांधावर म्हातारी माणसं बसली होती. वाकता न येणारी, गर्दीत शिरता न येणारी. कडेला एक आजी, पाय लांब सोडून, कपाळाला विभूतीचे आडवे पट्टे, गळ्यात चांदीची करडी, म्हणजे शिवलिंग ठेवायची डबी. नळदुर्गाच्याही पलीकडच्या, कर्नाटकाच्या शिवेवरच्या. बांधावरचे लोक त्यांना कानडीत “अव्वा” म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. आरू त्यांच्यापुढं येऊन थांबली, मूठ उघडली, आणि पुन्हा रानाकडं वळली. तोवर मी पोचले होते. भीती गेली की तिच्या जागी राग येतो, तो कुठून येतो कुणास ठाऊक. मी आरूचा दंड धरला आणि हात उगारला.

माझं मनगट मधेच कुणीतरी पकडलं. अव्वांचा हात. हाडं नुसती, पण पकड अशी की ह्यांच्या दुकानातल्या पकडीनं लाजावं.

“थांब गं,” त्या म्हणाल्या. “माझा एक राहिलाय.”

“अव्वा, ही माझी लेक हाय! कवापासून शोधतीय मी हिला, जीव गेला माझा!”

“तुझीच असंल. मी कुठं नेती? पण एक राहिलाय. तिला जाऊ दे, आणू दे, मग तू मार नायतर मुका घे.”

त्यांनी माझं मनगट सोडलं नाहीच, वर आरूला म्हणाल्या, “मगा, ओंदु.”

“मम्मी, मगा म्हणजे बाळ, ओंदु म्हणजे एक,” आरूनं मला सांगितलं आणि सुटली.

मी बघत राहिले. माणसांच्या पायांतून, पाठींच्या खालून, कमानीतून पाणी जावं तशी ती गेली. वाकली. काहीतरी उचललं. परत आली. मूठ उघडली तर वाळलेली लेंडी.

“हे न्हाय,” अव्वा म्हणाल्या. ना रागावल्या, ना हसल्या. “पांढरा. ओंदु.”

आरू पुन्हा गेली. या वेळी साधा दगड. “हा बी न्हाय. ओंदु.” पुन्हा गेली. मी मनात म्हणत होते, आता ही कंटाळणार, आता खारीमागं जाणार, आता त्या फुगेवाल्याकडं. गेली नाही. तिसऱ्या खेपेला मुठीत चुनखडी होती, पांढरी, बोराएवढी. अव्वांनी ती कपाळाला लावली, पदरात टाकली आणि आरूच्या डोक्यावरून हात फिरवला. “शाणी गं माझी.” मग पदर मोकळा करून मला दाखवला. पाच खडे होते.

“एकदम पाच आण म्हणलं असतं तर?” मी विचारलं.

“का? घाई काय हाय? पालखी यायची हाय अजून,” त्या म्हणाल्या. “आणि पाच एकदम मागितलं की भीक मागितल्यासारखं व्हतं. एकेक मागावं.”

मी खाली बसले. डॉक्टरीणबाईंनी एसी खोलीत हेच सांगितलं होतं, शब्द वेगळे. तेव्हा मी मान डोलावली होती; आता मात्र ते डोळ्यांपुढं पळताना दिसत होतं. अव्वांनी काही उपदेश केला नाही, त्यांना एडीएचडी माहीत नव्हता आणि माहीत करून घ्यायची गरजही नव्हती. त्यांना खडे हवे होते.

मग त्यांनी आपलं सांगितलं. दरसाल येतात. गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, वाकता येत नाही. गावची जीपमधली माणसं पुढं गेली, “अव्वा, तुमचे खडे आम्ही घालतो” म्हणाली. “ते काय मला पटंना. डोळे मिटलं आणि म्हणलं, आई, गुडघे तू घेतलंस, आता माझे खडे तुलाच आणावं लागतील. कुणाला तरी उठीव. डोळे उघडले तर ही फुडं. तोंडाला चकली लागलेली. मला म्हणती, आजी, तू का रडतीस?” अव्वांनी हात जोडून डोंगराकडं बघितलं. “आईनंच धाडलं बघ हिला.”

मी ज्या वेळेला पिन लावून म्हणत होते, आई, हिला बसव, त्याच वेळेला बांधावर अव्वा म्हणत होत्या, आई, कुणाला तरी उठव. दोन अर्ज एकाच वेळी गेले, आणि आईनं अव्वांचा मंजूर केला. हा चमत्कार आहे का योगायोग, ते शहाण्यांनी ठरवावं. नवस बोललं की कुणी ना कुणी मदतीला धावून येतं, असं मी आयुष्यभर ऐकलं होतं. दुसऱ्या कुणाच्या नवसाला आपलीच पोरगी धावून जाते, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

तोवर बांधावरच्या बाकीच्यांनीही हात पुढं केले. एक बाबा म्हणाले, “ए पोरी, माझा बी आण.” आरू म्हणाली, “एक एक सांगा.” बाबांनी एक सांगितला. मग एक आजी. मग आणखी कुणी. ती पळत होती, आणत होती, शाबासकी घेत होती, पुन्हा पळत होती. तिच्या तोंडावर असं काही होतं की मी ते वर्गातल्या फोटोत कधी पाहिलं नव्हतं. मधेच ती थांबली, एका गाढवाशी बोलली, खडा गाढवालाच दाखवून आली. पण परत आली. हे शोधत शोधत तिथं पोचले तेव्हा घामानं निथळत होते. मी फक्त बोट दाखवलं. हेही बांधावर टेकले आणि बघत बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले, “कॉइल भरताना मी पण एकेकच वेढा मोजतो. दोन एकदम टाकले की जळती.”

मग नगारे झडले. “आई राजा उदो उदो!” पालखी रानात आली. लाखो हात वर गेले, खड्यांचा असा वर्षाव झाला की पांढरा पाऊस. ह्यांनी अव्वांना दंडाला धरून उभं केलं, मी दुसऱ्या बाजूनं, आणि आरूला मधे घेऊन आम्ही त्या लोंढ्यात घुसलो. बार्शीच्या बाई कुठून तरी पुढं आल्या आणि आपल्या अंगानं वाट करत गेल्या. असला नांगर मी बघितला नाही. अव्वांनी आपल्या हातानं पाच खडे राशीला घातले. एकेक करून. पालखी समोर आली. मी डोळे मिटले. हात जोडले. आणि काही मागितलं नाही. खरंच काही सुचलंच नाही मागायला.

परतीच्या टेम्पोत आत्या पुढं बसल्या होत्या. त्यांना हकीकत कळली, तर त्यांचं भलतंच. “परक्या म्हातारीला खडे आणून दिले. घरची म्हातारी वाकून वाकून मेली, तिला कुणी विचारलं?” आरू माझ्या मांडीवर आडवी होऊन एका पायानं टेम्पोच्या फळीवर ताल धरत होती.

हे हळूच म्हणाले, “पालखी आली तवा ती बसली होती का?”

“मी बघितलं न्हाय,” मी म्हणाले. “डोळे मिटले होते.”

“मी पण न्हाय बघितलं.”

मग मी म्हणाले, “अहो, त्याच्या आधी ती उठली होतीच. अट मी हरले. पिन लावून हरले. देवीची माफी मागितली हाय, तुमचीही मागते. पण पाठवणार न्हाय.”

“मग अट कशाला घातली?”

“अक्कल नव्हती म्हणून. आता हाय. पाठवणार न्हाय.”

“शाळेत बाईंना काय सांगायचं?”

“एका वेळी एकच काम सांगा म्हणायचं.”

“ऐकतील?”

“सोमवारी न्हाय ऐकल्या तर मंगळवारी जाईन. मंगळवारी न्हाय तर बुधवारी. मला कुठं घाई हाय?”

ह्यांनी मान हलवली. आत्या पुढून म्हणाल्या, “बुधवारी बाजार असतो, तवा नको.” मी ते संमती म्हणून घेतलं.

ह्यानंतर सगळं आलबेल झालं, असं लिहिलं तर देवी मला क्षमा करणार नाही. यात्रेहून आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी आरूनं माझ्या दोऱ्यांची सगळी रिळं बादलीत पोहायला सोडली. बाईंनी सोमवारी ऐकलं नाही, मंगळवारी अर्धं ऐकलं. आता आरूला वर्गात फळा पुसायचं आणि वह्या वाटायचं काम देतात, एका वेळी एका रांगेच्या. सोलापूरला आता हेही सोबत येतात, डॉक्टरीणबाईंचं ऐकून घेतात, औषध चालू आहे. काही दिवस बरे जातात, काही दिवस मी भिंतीशी बोलते. मशीन मात्र दोरा घालूनच चालवते. बसायचं असलं तर सरळ सांगते, आत्या, मी जरा बसतीय, आणि त्या बडबडत का होईना आरूकडं बघतात.

पूर्वी मला वाटायचं, देवीवर सोपवणं म्हणजे हात वर करून बसणं. आता वाटतं, निकाल तिच्याकडं, खेप आपल्याकडं. लेंडी निघाली तर लेंडी. पुन्हा जायचं. चुनखडी कधी हाताला लागेल ते रानाच्या मालकिणीला माहीत. मी रोज सकाळी देव्हाऱ्यापुढं उभी राहते तेव्हा आता यादी वाचत नाही. आजचं एक सांग, म्हणते, एवढंच. आणि नऊ वर्षं जी पोरगी मला शिक्षा वाटत होती, ती कुणाच्या तरी प्रार्थनेचं उत्तर म्हणून त्या रानात धावली, हे बघायला मला डोळे दिलेस, त्याबद्दल आई, तुझे उपकार मी ह्या जन्मात फेडू शकत नाही.

ही हकीकत मी गल्लीत सगळ्यांना सांगितली, सांगताना नगारे जरा वाढवले असतील, पण खडे पाचच ठेवले. ऐकून शेजारच्या काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी आरूला जवळ ओढलं, कुरडयांचं सगळं विसरून तिच्या गालावरून हात फिरवला आणि विचारलं, “आरू, बाळा, तुला दिसली का गं देवी?”

“न्हाय,” आरू म्हणाली. “गर्दी लई होती.”